सत्तेचाळीस जणांनी पाहिलं

अठरा सेकंद.
बर्फाच्या कारखान्यामागे, उलट्या घातलेल्या होडीच्या आडोशाला
दोन मुलं. गणवेशाची पँट ओळखू येते,
शर्ट काढून खांद्यावर टाकलेले.
तन्वेश गिरप बाटली डोक्यावर धरतो,
कबड्डीत जिल्ह्याची ढाल धरली होती तशी.
कॅमेऱ्यामागून कुणीतरी हसतं.
मग तो पितो. मग ठसका. मग वाळू, काळोख.

सोमवारी प्रयोगशाळेत पालकसभा,
कारण हॉलमध्ये मतदार याद्यांचं काम चाललंय.
उंच स्टुलांवर अवघडून बसलेत
गिरप, सुलभा कुबल, आल्विनची आई,
आणि मागे बरणीतली फुरशी,
माझ्या नोकरीहून जुनी, वेटोळं घालून ऐकतेय.

मुख्याध्यापक म्हणाले, शाळेचं नाव.
थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, शाळेचं नाव.
संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, दाखले द्या हातात.
सुलभा बाजारातून तशीच आलेली,
बांगड्याचा वास येईल म्हणून हात पदराखाली:
"माझो झील पिऊक नाय, बाईनू.
तो नुसतो थय उभो होतो."
"पण आधी सांगा, हा पसरवला कोणी?"
कुणीतरी विचारलं,
आणि काळ्या कडाप्प्यावर, बेसिनच्या बाजूला,
एकेक फोन पालथा पडत गेला.

गिरप बोलले नाहीत.
आरोंद्याच्या पुलावरून काय येतं, कुणाच्या टेम्पोतून,
हे त्या खोलीत कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.
फेब्रुवारी लागला की त्यांच्या अंगणात हुर्राकाचा कॅन,
चार पाहुणे, आणि "तन्वेशा, लिंबू काप रे."
लिंबू तो सातव्या वर्षापासून कापतो.
बारीक, बिया काढून.

ठरलं ते असं:
आठ दिवस घरी. माफीपत्र, पालकांच्या सहीने.
पोलीस स्टेशनमधून एक व्याख्यान.
मीच लिहून घेतलं, माझं अक्षर बरं म्हणून.

जिन्याखाली तन्वेश उभा होता,
सायकलीच्या कुलपाशी उगाच खेळत.
"बाई, तुम्ही शनिवारीच बघितलात ना?"
उर्मट नव्हता आवाज.
"नाव दिसतं खाली. सत्तेचाळीस जणांची दिसतात.
तुमचं, खेळाच्या सरांचं, माझ्या मामाचं."

शनिवारी. अकरा वाजून दहा मिनिटं.
दुधाला विरजण लावता लावता
अंगठ्याने पुढे सारला मी तो काळोख.
त्याच्यापुढे कुणाच्या तरी साखरपुड्याची पैठणी होती,
त्याच्यापुढे शुभ रात्री, गुलाबासकट.
उद्या रविवार, म्हटलं. सोमवारी बघू.

"मला वाटलं, कुणाचा तरी फोन येईल,"
तो म्हणाला. "दोन वाजेपर्यंत ओकत होतो.
आल्विनने डोकं धरलं. त्यानेच तो काढला,
आणि त्यानेच कारखान्याच्या नळाचं पाणी आणलं ओंजळीने,
सात-आठ खेपा. ते नाही कुणी काढलं."

कुलूप उघडलं. तो गेला, सीटवर न बसता,
पॅडलवर उभा, चढाच्या रस्त्याने.

रात्री मी नंबर शोधला. हजेरीपटावर होता,
जूनपासून होता.
गिरपांनीच उचलला. मागे ग्लासात काहीतरी किणकिणलं,
बर्फ असेल, चमचाही असेल.
"बोला बाई."
बोलायचं मी पाठ करून ठेवलेलं, चार मुद्दे.
"तन्वेश जेवला का?" एवढंच आलं तोंडात.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग, "थांबा हां. इचारतय,"
आणि फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज,
चपला, दाराची कडी,
आणि लांब, अंगणाच्या पार टोकाला,
त्याच्या नावाची हाक.
मी कानाला लावून उभी.
अजून ओ आलेली नाही.